भोंग्याच्या दिशेनं

३ मार्च २०२५, सोमवार

आज जे पाहिलं त्यावर अजून विश्वास बसत नाही, म्हणून लिहून ठेवतो. दीपिकानं ही वही बॅगेत टाकली तेव्हा म्हणाली होती, रानात एकटे राहाल तर भिंतीशी बोलायला लागाल, त्यापेक्षा वहीशी बोला. बायकोचं ऐकतो असं कुणी म्हणू नये म्हणून तेव्हा हसलो होतो.

उभा जन्म मी दगड फोडण्यात घालवला. भोकं पाडायची, बारूद भरायची, लांब जाऊन बटण दाबायचं. बारुदीचं काम फोडणं, एवढंच मला ठाऊक. आज कंपनीच्या निकेश साहेबांनी तिच्याकडून दोन धातू जोडून घेतले. खाली वाळूवर पोलादाची जाड प्लेट. तिच्यावर जराशी फट ठेवून टायटॅनियमची पातळ प्लेट. त्या वरच्या प्लेटवर अंगणात तांदूळ वाळत घालावेत तशी सारखी पसरलेली बारूद. एका कडेला डेटोनेटर. दणका बसला, धूर खाली आला, जाऊन पाहतो तर दोहोंची एक प्लेट झालेली. मी छिन्नी लावून घण मारला. सुटेना. परत मारला. छिन्नीचं तोंड गेलं, पण जोड हलला नाही.

साहेब म्हणाले, हे दोन धातू वितळवून जोडायला गेलं तर जोड ठिसूळ होतो, तडकतो. इथं वितळवायची भानगडच नाही. वरची प्लेट खालचीवर इतक्या जोरानं आदळते की दोघींच्या अंगावरचा मळ पुढच्या पुढे उडून जातो आणि कोरा धातू कोऱ्या धातूला चिकटतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. मी या वयात आ वासून उभा होतो आणि हाताखालचे कोलू-लच्छू माझ्याकडे बघून हसत होते.

ही दोघं सिरोंचाकडची, तेलुगू बोलणारी पोरं. गावातला एकही माणूस कामावर घ्यायचा नाही, असं साहेबांनी आधीच बजावलंय. सिंदेवाहीहून गडचिरोलीकडे जाताना जंगलात ही बंद पडलेली गिट्टीखदान आहे. पोलिसांची, कलेक्टरची परवानगी आहे, पण गावात 'स्फोट' हा शब्द काढायचा नाही. या भागात तो शब्द ऐकला की लोकांना सुरुंग आठवतो, उडालेली गाडी आठवते. घबराट होईल, मोर्चा येईल, काम बंद पडेल. मला ते पटलं.

मोठ्या प्लेटांची ऑर्डर आहे, नमुना पास झाला तर. साहेबांना प्लेटची काळजी, मला माणसांची. कुणाच्या केसालाही धक्का लागता कामा नये, ही जबाबदारी माझ्या नावावर आहे.

६ मार्च, गुरुवार

कोसंबटोल्यात जाऊन आलो. खदानीला सगळ्यात जवळचं गाव हेच. वारलूभाऊ इथले पोलीस पाटील, शांत माणूस, पानाचा तोबरा भरलेला. त्यांना म्हटलं, कंपनीचं काम सुरू होणार आहे, अधूनमधून भोंगा वाजेल. दवंडी द्या की भोंगा वाजला म्हणजे धोका आहे, सगळ्यांनी ताबडतोब सुरक्षित जागी जावं. त्यांनी कसला धोका म्हणून विचारलं नाही. मान हलवली आणि माझ्यासमोरच दवंडी दिली. एवढा समजूतदार पाटील मी पाहिला नव्हता.

गावाच्या टोकाला एका खांबावर कॅमेरा आणि कर्णा दिसला. तो वाघाचा भोंगा म्हणे. कॅमेऱ्यात वाघ दिसला की आपोआप बोंबलतो. पण माकडांनी वायर तोडलीय, दिवाळीपासून नवी येणार, नवी येणार म्हणतात. मी मनात म्हटलं, बरंच झालं. दोन भोंग्यांचा घोळ नको.

परतताना खदानीच्या काठावर एक म्हातारी भेटली. मंगलीबाई. तिची काही मोहाची झाडं खदानीला लागूनच आहेत, काही पलीकडच्या डोंगरीखाली, सासऱ्यापासून चालत आलेली. इथं जमिनीसारखी झाडंही ज्याची त्याची असतात, दुसरा कुणी त्याखालचं फूल उचलत नाही. फुलं पडायला लागली आहेत. मी तिला सांगितलं की दुपारी काम असेल, सकाळी वेचून मोकळी हो. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं की मी कुणाकडचा. ब्रह्मपुरीचा म्हटल्यावर "धानवाले" म्हणाली आणि निघून गेली. त्यात मला काय कमीपणा आला कळलं नाही, पण आला.

११ मार्च, मंगळवार

पहिला मोठा बार. आणि पहिलाच मनस्ताप.

भोंगा वाजवला. साधा, हातानं फिरवायचा. रस्त्यावर दोरी बांधून लच्छू, काठावर कोलू. बटण दाबणार तेवढ्यात लच्छूची शिट्टी. रस्त्यावरून माणसं येतायत! बाया, बाप्ये, एकाच्या गळ्यात ढोल. धावत येत होते, धापा टाकत. काहींच्या हातात कुऱ्हाडी, काठ्या. वाटलं, झालं, बातमी फुटली, मारायला आले. पण ते मारायला आले नव्हते. लच्छूनं दोरीपाशी अडवलं तिथं मुकाट थांबले.

आणि मग जे केलं त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. सगळे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाया मध्ये, बाप्ये बाहेरून, तोंडं सगळ्यांची जंगलाकडे. तमाशा बघायला आलेला माणूस पाठ करून उभा राहतो का? आपसात गोंडीत काही बोलत होते. ते मला कळत नाही, कोलू-लच्छूला तर त्याहून नाही. शेवटी लांब आहेत एवढं बघून बार उडवला. ते दचकले, मग हसले. ढोलवाल्यानं दोन थापा मारल्या. थोड्या वेळानं सगळे शांतपणे निघून गेले.

निव्वळ उद्धटपणा. पाठ दाखवतात म्हणजे काय.

प्लेट एका कोपऱ्यात जुळली नाही. कोलूनं हातोडीनं ठोकून पाहिलं, तिथं पोकळ आवाज येतो.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीला घरी आलो होतो. दीपिकाला सगळं सांगितलं, 'स्फोट' शब्द न वापरता सांगायला गेलो आणि हसं करून घेतलं. तिनं एकच विचारलं, "ते काऊन येतात, हे तुमी त्याईले इचारलं का?"

मी म्हटलं, सुरक्षेच्या कामात विचारायचं नसतं, सांगायचं असतं. ती पुरणपोळी लाटत राहिली.

१८ मार्च, मंगळवार

दुसरा बार. आज जास्त माणसं. मी या वेळी भोंगा जास्त वेळ वाजवला होता, लोकांना लांब जायला वेळ मिळावा म्हणून. जितका जास्त वाजवावा तितके जास्त येतात. यांना सिनेमाची घंटा वाटते की काय!

या वेळी मंगलीबाईही होती. पदरात फुलं, टोपली कुठेतरी टाकून आलेली, पायात काटा. बार झाल्यावर मी तिला गाठलं.

"मंगलीबाई, भोंगा वाजला का इकडं यायचं नाई."

"मंग कुठी जाऊ जी?"

"घरी जा. सरळ घराकडं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. वेड्या माणसाकडे बघावं तसं. "एकटी?" म्हणाली. मग म्हणाली, "तुमी नवे हा. तुमाले नाई समजत."

मला समजत नाही! वीस वर्षांत माझ्या हाताखाली एकाही माणसाचं नख दुखावलेलं नाही, आणि ही बाई मला सांगते. एवढं बोलून वर पळसाच्या पानांचा द्रोण भरून मोहफुलं दगडावर ठेवून गेली. दोरीच्या आत येऊ द्या म्हणून लाच, दुसरं काय. कोलूला म्हटलं, नेऊन दे परत. तो गेला आणि तसाच द्रोण घेऊन आला. ती घेतच नाही म्हणे, हात जोडते.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांना पटवून नागपूरहून विजेवरचा मोठा भोंगा आणवला. खदानीच्या काठावर खांब रोवून बसवला. पलीकडच्या डोंगरीपर्यंत आवाज जातो. आता कुणी म्हणू शकणार नाही की ऐकू आलं नाही. आज मला बरं वाटतंय.

साहेबांना घाई आहे. ऑर्डर देणारे मंगळवारी येतात, त्यांना सकाळी बार दाखवून दुपारच्या गाडीला बसवायचंय. मी म्हटलं, सकाळी बाया फुलं वेचायला रानात असतात. ते म्हणाले, म्हणूनच तर एवढा भोंगा आणला ना. मी बाराची वेळ सकाळची लिहून टाकली.

२५ मार्च, मंगळवार

गडचिरोली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. अक्षर मलाच वाचता येत नाही.

ती जिवंत आहे. आधी हे लिहितो. मंगलीबाई जिवंत आहे.

रस्त्यावर लच्छूसोबत आणखी एक माणूस ठेवला होता. काठावर कोलू. मागच्या नाल्यावर कुणी नव्हतं, कारण त्या बाजूनं कुणी येतच नाही, नुसते खडक आणि बोरीची काटेरी झुडपं. भोंगा सुरू केला तो चालूच ठेवला. रस्त्यावर माणसं जमली, नेहमीसारखी, पाठ करून. मी बटण दाबलं.

कोलूला ती दिसली होती. नाल्यातून वर आली आणि थेट खदानीत उतरली. तो ओरडत होता, लाल झेंडी हलवत होता. मी साहेब आणि पाहुण्यांसोबत आडोशाच्या आत होतो. त्याची हाक मला ऐकू आली नाही. माझ्याच भोंग्यामुळे ऐकू आली नाही.

धूर बसला तसा कोलू उड्या मारत खाली येताना दिसला. मग मी पळालो. गिट्टीच्या ढिगामागे ती बसली होती. ढीग होता म्हणून अंग वाचलं. टोपली डोक्यावर पालथी, हातात विळा. दोन्ही कानांतून रक्त येऊन मानेवर उतरलेलं. आणि ती आमच्याकडे बघतच नव्हती. ज्या नाल्यातून आली त्या नाल्याकडे विळा रोखून बसली होती.

"माझ्या मांगंच होता जी," म्हणाली. फार मोठ्यानं म्हणाली.

तिच्यामागं आणखी कुणी होता! लच्छू आणि मी तो नाला उलटापालटा केला. प्रत्येक झुडपात हात घातला. काट्यांनी सोललो. कुणी नाही. सांडलेली फुलं फक्त, वरपर्यंत. परत येऊन तिला हलवून विचारलं, "कोण होता, बाई? कोण होता मांगं?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा लक्षात आलं की तिला ऐकू येत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टर म्हणतात, पडदे फाटलेत आणि आतलीही नस गेलीय. थेंब दिलेत. तिला बरं वाटावं म्हणून दिले असावेत. मी विचारलं, ऐकू येईल परत? त्यांनी माझ्याकडे न बघता नाही म्हणून मान हलवली.

खदानीत प्लेट तशीच पडली होती. साहेबांनी पट्टी कापून घासून भिंगाखाली धरली. एकही कोपरा सुटलेला नाही. जोडावर लाटा दिसतात, एकसारख्या, नदीकाठच्या वाळूवर उमटतात तशा. असा जोड त्यांनीही पाहिला नव्हता. मला भिंगातून बघायला लावलं. मी पाहिलं आणि भिंग परत दिलं.

साहेबांचं म्हणणं, ती बंदीच्या जागेत घुसली, आपण भोंगा वाजवला होता, गावात दवंडी दिली होती, आपल्याकडून काहीच राहिलेलं नाही. दवाखान्याचा खर्च कंपनी करेल. मलाही तेच वाटतं. मी रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं पुन्हा मांडून बघतो. माझी चूक कुठं झाली? भोंगा वाजत असताना कुणी भोंग्याकडे धावत येतं का?

२ एप्रिल, बुधवार

येतं.

आज वारलूभाऊंकडे गेलो होतो. भांडायलाच गेलो होतो, खरं तर. म्हटलं, पाटील, तुमच्या लोकांना किती वेळा सांगायचं? दवंडी दिली, दोरी बांधली, भोंगा आणला, तरी ही माणसं पुढं पुढं येतात. आता एका बाईचे कान गेले. त्यांनी मला बसायला खाट दिली, पाणी दिलं, मग बोलले.

दोन वर्षांपूर्वी खांबावरचा वाघाचा भोंगा वाजला तेव्हा बुधरी नावाची बाई एकटी शेताच्या बांधानं घराकडे पळाली. बुधरी म्हणजे मंगलीबाईची धाकटी जाऊ. घरी पोचलीच नाही. तेव्हापासून गावानं ठरवलं, भोंगा वाजला की एकट्यानं घराकडे पळायचं नाही. जो जिथं असेल तिथून त्यानं भोंग्याकडे धावायचं, कारण माणसं तिथं असतात. बाया मध्ये, बाप्ये बाहेरून, तोंडं जंगलाकडे. मग वनखात्याचे लोक येऊन फटाके फोडतात आणि वाघ निघून जातो.



"गावचा भोंगा त बंद पडला," वारलूभाऊ म्हणाले. "तुमी नवा लावला. आमाले वाटलं, कंपनीनं वाघासाठी लावला. भोंगा वाजते, मंग तुमी मोठा फटाका फोडता. बाया म्हनत, चांगली मानसं हायेत."

म्हणजे तो द्रोण लाच नव्हता. मी म्हटलं, "तुमी मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कुठी?" ते शांतपणे म्हणाले. "तुमीच त दवंडी देल्ली. भोंगा वाजला का धोका हाय, सुरक्षित जागी जा. आमी तेच त केलं, साहेब."

म्हणजे मी भोंगा जास्त वाजवला तशी जास्त माणसं आली. मोठा आणला तशी लांबची आली. डोंगरीखाली एकटी फुलं वेचणारी म्हातारी, जिला लहान भोंगा ऐकूच आला नसता, तिला मी बोलावून घेतलं. तिच्या मागं वाघ नव्हता. तिच्या मागं कुणीच नव्हतं. माझा भोंगा वाजला म्हणून तिला वाटलं, तो आहे.

उठताना मी त्यांना खदानीत आम्ही काय करतो ते सांगितलं. स्फोट हा शब्द वापरला. त्यांच्या तोंडातला तोबरा तसाच राहिला.

९ एप्रिल, बुधवार

गेल्या आठवड्यात सगळ्या गावासमोर उभा राहून तेच सांगितलं. मोर्चा आला नाही, शिव्याही नाहीत. साहेबांना फोन करून सांगितलं तर ते संतापले, मग म्हणाले, पुढं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. गावानं आणि मी मिळून ठरवलं. खदानीचा भोंगा वाजला की सगळ्यांनी गावातल्या शाळेत जमायचं, तेही घोळक्यानं, आणि पाटलांचा निरोप आल्याशिवाय बार नाही.

आज सकाळी नुसता भोंगा वाजवून पाहिला. बारूद नाही, प्लेट नाही. पूर्ण जोरात वाजवला. वारलूभाऊंचा फोन आला, सगळे शाळेत आले, बाया रानातून घोळक्यानं आल्या. मंगलीबाई दिसली का म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, ती दवाखान्यातून येऊन दोनच दिवस झाले, घरीच पडून असेल.

मग मी तिच्या घरी गेलो. आज तिला खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. की तो भोंगा वाघाचा नव्हता, तुझे कान माझ्यामुळे गेले. ती अंगणात फुलं पसरवत होती. मला बघून लगबगीनं उठली, सुनेकडून खाट टाकून घेतली, शेजारणीला हाका मारून सांगितलं, ह्या साहेबांनी मला वाघाच्या तोंडातून काढलं. सून खाली मान घालून उभी होती. तिला सगळं माहीत होतं, गावासमोर बोललो तेव्हा ती तिथंच होती.

मी बोललो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. मंगलीबाई माझ्या ओठांकडे बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती. मधेच तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी संपल्यावर हसली.

"मानसाईचं बोलनं अजून नाई आयकू येत," म्हणाली. "डाक्टरनं थेंब देल्ले हायेत. येईन हळूहळू."

मी अंगणातल्या फुलांकडे पाहिलं. ती ताजी होती, अजून दवानं ओली. सुनेला विचारलं, ही कधीची? ती म्हणाली, आताच आल्या रानातून. सांगितलेलं ऐकत नाहीत. एकट्याच गेल्या होत्या, डोंगरीखाली.

मंगलीबाईनं माझ्या बाहीला धरून ओढलं. तिला आणखी काही विचारायचं होतं. दोन दिवस मनात ठेवल्यासारखं, थोडं रुसून विचारलं.

"भोंगा काऊन बंद केला जी? एवढा मोठा भोंगा, तो त मले आयकू येईनच. वाजवत जा, साहेब. मी त्याच्याच भरवशावर जातो वनात."

मी हो म्हणून मान हलवली. तिला दिसेल अशी, दोनदा.